तांबड्या पानांची हद्द

जुलैच्या वादळानं इसिल्डाच्या घराचं निम्मं छप्पर उचललं आणि घळीत नेऊन टाकलं, त्याला आठवा महिना लागला होता. फेब्रुवारी सरत आला, डोंगरावरचं धुकं सकाळी उशिरापर्यंत उठेनासं झालं, याम लावायचे दिवस आले, तरी घरावर आपली निळी ताडपत्रीच. वारा सुटला की ती फुगायची, मग धपकन बसायची. इसिल्डा म्हणायची, घर उसासे टाकतंय.

ती पायरीवर बसली होती. मांडीवर गोणपाट, गोणपाटावर यामचे कंद. कंदाचं डोकं कोयत्यानं कापायचं, कापलेल्या अंगाला चुलीतली राख चोळायची आणि टोपलीत उताणं मांडून ठेवायचं. हे झालं बेणं. साठ वर्षं हात हेच करत आले होते. उजव्या हाताचं मधलं बोट आता वाकत नव्हतं, पण राख चोळताना तेही आपलं इतरांबरोबर फिरत होतं, म्हाताऱ्या बैलासारखं.

"मम्मी, आज तो येणारे," आतून शर्नेट ओरडली. "मोजणीवाला."

"येऊ दे की. मला मास झेफकडे सावडीला जायचंय."

"आजच जायचंय?"

"त्यानं दोन दिवस आपल्याकडे खोदलं. आजचा आणि उद्याचा दिवस त्याचा. मोजणीवाला काय मला मोजणारे? जमीन आहे तिथंच आहे, दाखव त्याला."

शर्नेट दारात आली. इसिल्डाची ही एकुलती एक लेक, पस्तिशीची, खाली बाजारगावात शिलाईच्या दुकानात कामाला. वादळानंतर तिनं आपली खाट तीनदा हलवली होती, आणि तिन्हीदा पाऊस तिला शोधत त्या कोपऱ्यात आला होता. छपरासाठी सरकारी मदत मिळत होती, पण त्या खिडकीवर पहिला प्रश्न एकच: जमिनीचा कागद? पिनॉकांच्या घरात कागद कधी नव्हताच. होत्या त्या बिस्किटाच्या डब्यातल्या जमीनकराच्या पावत्या, पिवळ्या, मऊ पडलेल्या, आणि प्रत्येकीवर नाव जोसाया पिनॉक. जोसाया म्हणजे इसिल्डाचा आजोबा. जाऊन सत्तर वर्षं झाली. कर दरवर्षी भरला, नाव मात्र कुणी बदललं नाही. नाव काढणं म्हणजे म्हाताऱ्याला त्याच्याच अंगणातून उठवणं, असं घरात सगळे मानत आले. इसिल्डा रांगेत उभी राहून खिडकीशी पोचली की आतली पोरगी मागं वळून म्हणायची, "जोसाया पिनॉक आले गं!" रांग हसायची. इसिल्डाही हसायची. मग घरापर्यंतचा चढ तिला त्या दिवशी जरा जास्तच वाटायचा.

आता नव्या कायद्याचे मोजणीवाले गावोगाव फिरत होते. बारा वर्षं जो जमीन कसून राहिला त्यानं लिहून द्यायचं, गावातल्या जुन्या माणसानं शपथेवर दुजोरा द्यायचा, की कागद त्याच्या नावावर. नाव एकच असलं तर काम झटपट. शर्नेटनं अर्ज भरून ठेवला होता. 'या जमिनीवर अन्य कोणाचा हक्क आहे काय?' या ओळीपुढं तिनं पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं: नाही.

इसिल्डानं ते वाचलं होतं. काही बोलली नव्हती. टोपली डोक्यावर घेऊन ती चालू लागली.

मास झेफचं रान पलीकडच्या उतारावर. झेफनाया त्याचं पुरं नाव, 'मास' हे वडीलधाऱ्याला मान म्हणून, ऐंशीला टेकलेला, पण कुदळ अजून स्वतःची वेगळी ठेवायचा, दुसऱ्यानं धरली की चिडायचा. सहा-सातजणं जमली होती. तांबडी माती ओढून ओढून गुडघ्याएवढे ढीग घालायचे, ढिगाच्या माथ्यावर बेणं, आणि शेजारी वेल चढायला काठी. झेफ पुढं, बाकी मागं. दहावा ढीग झाला की म्हातारा गाणं लावायचा. त्याशिवाय हात एका तालात पडायचे नाहीत.

*कोण गं उठवी माती? — आम्ही उठवू, आम्ही!*
*कोण गं निजवी कंद? — आम्ही निजवू, आम्ही!*
*डोंगरा रे, दे खांदा, वेल चढू दे काठी,*
*लांब गेल्या भावाची परतून येऊ दे पाठी!*

शेवटच्या ओळीला सगळ्यांच्या कुदळी एकदम पडल्या. इसिल्डाची एक ठोका मागं राहिली.

ही ओळ लावायची ती तिच्या थोरल्या भावानं, व्हर्नलनं. तो सोळा-सतराचा असताना या डोंगरात त्याच्यासारखं गाणं लावणारा कुणी नव्हता. लोक सावडीचा दिवस ठरवताना विचारायचे, "व्हर्नल येतोय ना? मग येतो." कमरेवर उघडा, पाठीवर घाम आणि मातीचे ओघळ, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरातली माणसं काम थांबवून जबाब द्यायची. बाविसाव्या वर्षी त्याला शेतमजुरीचं तिकीट लागलं, अमेरिकेत, फ्लोरिडात ऊस तोडायला. जाताना त्यानं इसिल्डाला सांगितलं होतं, "नीरफणस भाजशील तेव्हा माझ्या वाटचा राखेत ठेवत जा. मी येईन तेव्हा गरमच लागेल." सात वर्षं पत्रं आली. मग ऊस तोडून झाल्यावर छावणीतून तो कुठंतरी पुढं गेला असं कुणाकडून तरी कळलं. मग काहीच कळलं नाही.

"इसी!" मास झेफनं हाक मारली. "ढीग घालतेस की थडगं? केवढा उंच केलास तो."

सगळे हसले. तिनं ढिगाचा माथा फावड्यानं उतरवला.

ती परतली तेव्हा दुपार कलली होती. अंगणात बुटांचे ठसे, झुडपांना बांधलेल्या केशरी फिती. घराच्या मागं तिचं नीरफणसाचं झाड, त्याच्यापलीकडं थडगी: आजोबा जोसाया, आजी, बाप पा अमोस, मा अडीना. चौघांच्या उशाशी तांबड्या पानांची ड्रॅगनची झाडं, पुरुषभर उंच, ओळीनं. त्या ओळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. नव्याकोऱ्या, डोक्याला पांढरा रंग.

इसिल्डा खुंटीकडं बघत राहिली. मग तिनं थडग्यांच्या पलीकडं पाहिलं. तिथं अजून तीस-चाळीस पावलं जमीन होती, उतरत घळीपर्यंत गेलेली, आणि मधोमध व्हर्नलचं झाड. वादळानं त्याचा शेंडा मोडला होता, पण मोडल्या जागी पानांचा झुबका आला होता, हाताच्या पंजासारखी मोठी मोठी पानं.

"शर्नेट!"

"आले."

"ही खुंटी इथं कशी?"

"त्यानं ठोकली."

"हे तर दिसतंय. इथं का ठोकली?"

शर्नेटनं स्कर्टला हात पुसले, दोनदा. "त्यानं तांबडी पानं बघितली ओळीनं. म्हणाला, ही हद्द का? सगळीकडं हद्दीला हीच झाडं लावलेली असतात, म्हणाला."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं."

हद्दीला हीच झाडं लावतात हे खरं. थडग्याच्या उशाशीही हीच लावतात. या डोंगरात जन्मलेल्या माणसाला कुठली कुठं आहे ते विचारावं लागत नाही. पिनॉकांची हद्द घळीच्या काठाला होती, जोसायानं लावलेली, आणि वादळात घळ फुगली तेव्हा तीच ओळ मुळांसकट वाहून गेली होती. मोजणीवाल्याला ती दिसणारच नव्हती. पण शर्नेट लहानपणी त्याच ओळीच्या पानांचे मुकुट करून खेळली होती.

"तुला माहीत होतं," इसिल्डा म्हणाली.

"होतं." शर्नेटचा आवाज चढला. "मग? तिकडं काय आहे? दगड आहेत आणि ते झाड आहे. ते झाड कागदात आलं की कुणीतरी विचारणार, हे कुणाचं? मग मास झेफ सांगणार, व्हर्नलचं. मग व्हर्नल कुठाय? अट्ठेचाळीस वर्षं, मम्मी! मी व्हर्नलमामाला बघितलंसुद्धा नाही. ज्याला मी बघितलं नाही त्याच्यासाठी मी अंथरूण भिजवून घेऊ?"

"त्याची नाळ आहे तिथं."

"माझी आंब्याखाली होती. वादळात आंबा पडला. मी मेले का?"

इसिल्डा आत गेली, चुलीवर चहाचं पाणी ठेवलं, पुदिना तोडायला बाहेर आली आणि कशाला बाहेर आलो ते विसरून तिथंच उभी राहिली.

या घरात प्रत्येक लेकराची नाळ मातीत पुरून वर झाड लावायचे. ते झाड त्या लेकराचं. त्याची फळं, त्याची सावली, त्याच्याखालची जमीन. माणूस कुठंही जावो, झाड असेपर्यंत त्याला परत यायला जागा आहे. नांदायला गेलेल्या आत्यांची झाडं होती, पनामाला जाऊन वारलेल्या काकाचं होतं. फक्त इसिल्डाचं नव्हतं. ती इथं जन्मलीच नव्हती.

ती तीन वर्षांची असताना पा अमोसनं तिला गाढवावर पुढ्यात बसवून आणलं. खालच्या साखरेच्या मळ्यावर त्याचं एक बाहेरचं घर होतं, आणि त्या घरातली बाई, इसिल्डाची आई, वारली होती. मा अडीना दगडावर धुणं आपटत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पोरीकडं पाहिलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं, धुळीनं पांढऱ्या पडलेल्या पायांकडं. मग म्हणाली, "हिनं खाल्लंय का काही?"

या विषयावर मा अडीना आयुष्यात तेवढंच बोलली.

पण झऱ्यावरची पोरं बोलायची. घागर भरायला ओळ लागली की कुणीतरी सुरू करायचं, "इसी, तुझं झाड कुठलं गं? नाही? मग तू ढगातून पडलीस का?" एकदा ती रिकामी घागर घेऊन घरी आली. व्हर्नल तेव्हा दहा वर्षांचा. त्यानं कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि पा अमोसचा मोडका कोयता घेऊन आपल्या झाडाखाली जाऊन बसला. नीरफणसाला बी नसतं. मुळाला घाव बसला की तिथून पिल्लू फुटतं. त्यानं मुळाला घाव घातला आणि सांगितलं, थांब आता. दोघं रोज जाऊन बघायची. पावसाळा आला तसं मुळाच्या जखमेतून बोटभर कोंब वर आला. चार पानं झाल्यावर त्यानं तो मुळाच्या तुकड्यासकट तोडून थडग्यांच्या अलीकडं आणला, खड्डा खणला, आणि मग डोकं खाजवत बसला.

"नाळ तर नाही तुझी. काय पुरायचं?"

त्याच आठवड्यात तिचा पुढचा दात पडला होता. ती पळत जाऊन घेऊन आली. त्यानं दात तळहातावर घेऊन नीट पाहिला, शर्टाला पुसला, आणि खड्ड्यात ठेवला.

"झालं," तो म्हणाला. "आता कुणी विचारलं तर म्हणायचं, माझं झाड व्हर्नलच्या झाडाचं लेकरू आहे."

साठ वर्षं झाली. त्या झाडानं या घराला किती जेवू घातलं. आणि आता त्या लेकराच्या आणि आईच्या मधोमध पांढऱ्या डोक्याची खुंटी.

दुसऱ्या दिवशी सावडीला गेली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिनं मास झेफला गाठलं. तो सावलीत उकडलेला याम आणि खारवलेला मासा खात बसला होता, काटे काढून कुत्र्याला घालत.

"मास झेफ, परवा मोजणीवाला तुमच्याकडे येईल. शपथेवर विचारेल."

"आला होता. विचारून गेला, कधी मोकळे आहात? म्हटलं, मेल्यावर."

"काय सांगणार तुम्ही?"

म्हाताऱ्यानं बोटं चाटली. "मी काय सांगू? तू सांग, मी दुजोरा देतो. इसिल्डा इथं साठ वर्षं आहे, खरं. इसिल्डानं कर भरला, खरं. अडीनाला अंथरुणावर तीन वर्षं इसिल्डानं उचललं-ठेवलं, खरं. एवढं मी बायबलवर हात ठेवून सांगेन, त्यात थुंकी गिळायची गरज नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तू म्हणशील तसं. तू म्हणालीस दुसरं कुणी नाही, तर मी म्हणेन नाही." त्यानं एक काटा कुत्र्यापुढं टाकला. "फक्त मला व्हर्नलच्या झाडाखालून येऊ देऊ नका. सही करायला वरच्या वाटेनं येईन."

इसिल्डा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"रडतेस कशाला? तिकडं टायसनांचं बघ. थोरल्यानं एकट्याच्या नावावर कागद केला. आता पाच भावंडं कोर्टात, सातवं वर्ष. परवा न्यायाधीशानं विचारलं म्हणे, वाद कशाचा? धाकटी म्हणाली, माझ्या लिंबाच्या झाडाचा. सगळं कोर्ट हसलं. तिला हसू नाही आलं." त्यानं कुदळीचा दांडा चाचपला. "शर्नेट वाईट नाही गं. ओल्या अंथरुणात माणसाचं डोकं कोरडं कसं राहणार?"

शुक्रवारी मोजणीवाला आला. ब्रॅम्वेल त्याचं आडनाव, तिशीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलायला गोड. इसिल्डानं सकाळपासून चूल पेटवून ठेवली होती. व्हर्नलच्या झाडाला उरलेल्या फांदीवर तीन फळं होती. तिनं त्यातलं एक काढून निखाऱ्यावर ठेवलं होतं. साल काळी ठिक्कर झाली, देठाकडून वाफ निघाली, तसं तिनं ते उलटं केलं.

"मिस इसिल्डा, वास तर खालच्या रस्त्यापर्यंत आलाय."

"बसा. खाऊन मग काम."

"आधी काम उरकतो. इथं, आणि इथं." त्यानं कागद उलगडला, खिशातून शाईची डबी काढली. "अंगठा दिलात तरी चालेल."

शर्नेट दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

"मला सही येते," इसिल्डा म्हणाली.

"हो हो, तसं नाही. बऱ्याच म्हाताऱ्या बायकांना... बरं. वाचून दाखवतो. मी, इसिल्डा पिनॉक, या जमिनीवर बारा वर्षांहून अधिक काळ एकटी..."

"चला जरा."

"कुठं?"

"थोडं मागं. बूट आहेत ना तुमचे? मग चला."

ती पुढं, तो मागं, त्याच्या मागं शर्नेट. थडग्यांशी पोचल्यावर इसिल्डा थांबली. "मिस्टर ब्रॅम्वेल, ही तांबडी पानं हद्दीची नाहीत. ही माझी मा. हा पा. ही आजी. आणि हा जोसाया, ज्याच्या नावानं मी कर भरते. तुम्ही यांच्या डोक्यात खुंट्या ठोकल्यात."

ब्रॅम्वेलनं टोपी काढली. वाढलेल्या गवतात त्याला सिमेंटचे चौथरे त्या दिवशी दिसले नव्हते. "मला इथं सांगितलं की..." त्यानं शर्नेटकडं पाहिलं.

"मी सांगितलं," शर्नेट म्हणाली. "माझी चूक."

"तिची नाही," इसिल्डा म्हणाली. "अर्जात पेन्सिलीनं लिहिलेलं मी वाचलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. हद्द खाली आहे, घळीच्या काठाला. आणि ते झाड माझ्या भावाचं."

"भाऊ कुठं असतात?"

"माहीत नाही."

ब्रॅम्वेल उकिडवा बसला. कागद मांडीवर घेतला, पण लिहिलं नाही. "मिस इसिल्डा, मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, स्पष्ट सांगतो. मोजणी मी आज दुरुस्त करीन, ती माझी जबाबदारी. पण दुसरं नाव आलं आणि तो माणूस बेपत्ता असला, की ही फाइल वेगळ्या ढिगात जाते. पेपरात नोटीस द्यायची, वाट बघायची. वर्ष लागेल, कदाचित दोन."

"आणि छपराची मदत?"

"ती जूनअखेर बंद." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही काही खोटं करत नाही. इतकी वर्षं तुम्हीच राहिलात. कायदा तुमच्याच बाजूनं आहे."

वारा आला. घरावर ताडपत्री फुगली, धपकन बसली. तिघांनीही तिकडं पाहिलं.

"मम्मी," शर्नेट म्हणाली. तेवढंच.

इसिल्डानं आपल्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. खरबरीत साल, चिकाचे वाळलेले ओघळ. "साहेब, मी या घरात आले तेव्हा माझा इथं काडीइतका हक्क नव्हता. तुमच्या कागदानं बघितलं असतं तर मला फाटकातूनच परत पाठवलं असतं. हे झाड त्यानं मला दिलं. त्याच्या मुळाला घाव घालून दिलं. आता मी लिहून देऊ की तो कुणी नव्हताच? लिहा. व्हर्नल पिनॉक. त्याचं नाव आधी. तो थोरला."

ब्रॅम्वेलनं लिहिलं. "पत्ता?"

बिस्किटाचा डबा तिनं येतानाच कमरेला धरून आणला होता, ते शर्नेटच्या आत्ता लक्षात आलं. पावत्यांच्या तळातून एक निळं पाकीट निघालं. त्यावरचा उसाच्या मळ्याचा पत्ता त्यानं अक्षर अक्षर उतरवून घेतला.

"जिवंत की मयत?"

"असं विचारलंय?"

"दोन चौकटी आहेत. मयत असेल तर तारीख."

"तिसरी नाही?"

"नाही."

"मग दोन्ही मोकळ्या ठेवा."

तिनं सही केली. वाकत नसलेल्या बोटानं पेन नीट धरता येईना, पिनॉकमधला शेवटचा फाटा कागदाच्या रेषेखाली घसरला. ब्रॅम्वेलनं शाईची डबी मुकाट्यानं खिशात घातली. मग खुंट्या उपटून तो खाली घळीपर्यंत गेला, आणि लोखंडावर लोखंडाचे ठोके वर येत राहिले. परतल्यावर त्यानं नीरफणस खाल्ला, दोनदा मागून घेतला. एक तुकडा इसिल्डानं राखेत झाकून ठेवला. तो कुणासाठी हे त्यानं विचारलं नाही.

शर्नेट तीन दिवस आईशी बोलली नाही. पाऊस एकदा येऊन गेला. तिनं बादल्या मांडल्या, खाट चौथ्यांदा हलवली, आणि बादल्या अशा आपटल्या की पाऊससुद्धा दचकावा. सोमवारी मास झेफ चारजणांना घेऊन आला. घळीत पडलेले जुन्या छपराचे पत्रे त्यांनी वर ओढून आणले, दगडावर ठेवून ठोकून सरळ केले. पुरे पडणार नव्हतेच. शर्नेटच्या खाटेवरचं तेवढं झाकलं गेलं.

"अर्ध्या दिवसाची सावड धर," झेफ म्हणाला. "फेडशील यामच्या काढणीला. आणि पोरी, हसलीस तरी चालेल, पत्रा पडणार नाही."

शर्नेट हसली नाही, पण त्याच्या ताटात मासा जास्त वाढला.

मंगळवारी सकाळी धुकं उठायच्या आत इसिल्डा थडग्यांशी गेली. मा अडीनाच्या उशाच्या झाडाची एक हातभर फांदी तिनं कोयत्यानं तिरपी कापली. या झाडाला मूळ लागत नाही, फांदी खोचली की धरते. घळीच्या काठाला नव्या खुंटीजवळ ती गुडघे टेकून बसली आणि खड्डा करू लागली. जमीन दगडाळ. कुदळीचं टोक निसटायचं.

मागं पावलं वाजली. शर्नेटनं तिच्या हातातून कुदळ घेतली आणि चार घाव घातले. पाचव्याला माती मोकळी झाली.

इसिल्डानं फांदी खोचली. दोघींनी माती ओढली. वर व्हर्नलच्या झाडाच्या मुळाशी, जिथं वादळानं मूळ उघडं पाडलं होतं, तिथं दोन कोंब आले होते. शर्नेट त्यांच्याकडं बघत होती.

"मम्मी, त्यातला एक..." ती म्हणाली. "आंब्याच्या जागी लावला तर?"

"धर. त्याला विचारायची गरज नाही, तो देईल."

शर्नेटनं तांबड्या पानांवरची माती बोटानं झटकली. "आणि हे? हे तू हद्दीचं म्हणून लावलंस, की त्याच्या उशाला म्हणून?"

घळीपलीकडं धुकं हलत होतं. कुठल्यातरी रानात सावड सुरू झाली होती. कुणीतरी ओळ लावली, आणि जबाब या डोंगराला येऊन लागला.

"तो येईल तेव्हा तोच सांगेल," इसिल्डा म्हणाली, आणि टाचेनं माती दाबली.